उद्या जाणारा माणूस
कावेरीकाठची भक्ती : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीपाशी होतो. आज कावेरीच्या त्याच त्रिभुज प्रदेशात, भातखाचरांमधून समुद्राच्या बाजूला उतरत, वैदीश्वरन कोविलजवळच्या तिरुप्पुंकूरला जाऊ. हा भाग पूर्वी तंजावर जिल्ह्यातच होता.

शंकराच्या देवळात नंदी कुठे असतो, हे डोळे मिटूनही सांगता येतं. पिंडीच्या अगदी समोर, तिच्याकडे टक लावून. तिरुप्पुंकूरच्या शिवलोकनाथाच्या देवळात मात्र नंदी मधली रेघ सोडून बाजूला सरकलेला आहे. तो कुणासाठी सरकला, तीच आजची गोष्ट.

नंदनार हा आदनूर गावचा. शेतात राबणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला. देवळातल्या ढोलांना कातडं, ते ताणायला वाद्या, वीणेला तात, पूजेला गोरोचन हे सगळं तो पुरवायचा. त्याच्या हातचं कातडं गाभाऱ्याजवळ वाजायचं आणि तो स्वतः वेशीबाहेर उभा राहून ऐकायचा. चिदंबरमच्या नटराजाला एकदा डोळे भरून पाहावं, एवढीच त्याची आस. रोज रात्री तो म्हणायचा, उद्या जाईन. सकाळ झाली की आपल्याला कोण आत घेणार, हे आठवायचं आणि पाय थांबायचे. पुन्हा रात्री, उद्या जाईन. त्यावरूनच त्याचं नाव पडलं ‘तिरुनाळैप्पोवार’. नाळै म्हणजे उद्या, पोवार म्हणजे जाणारा. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये त्रेसष्ट शिवभक्तांची चरित्रं लिहिली, त्यांत हा उद्या जाणाराही मानाने बसला.

तिरुप्पुंकूरला तो बाहेरूनच दर्शनाला उभा राहिला, तर आड नंदी. त्याने मनोमन विनवलं आणि देवाने नंदीला सरकायला सांगितलं. नंदनारने डोळे भरून पाहिलं, मग गावात एक तळं खणलं आणि आपल्या वाटेला लागला.

एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी ही कथा ‘नंदनार चरित्रा’त गायली. त्यांनी एक जमीनदार नव्याने आणला. तो नंदनला बजावतो, आधी चाळीस वेली रान पिकव, मग जा. चाळीस वेली म्हणजे अडीचशे एकरांहून जास्त! पुढे तंजावरच्या कृष्ण भागवतांनी हे आख्यान कीर्तनात गाजवलं. त्या तमिळ कीर्तनाच्या घडणीत आपल्या मराठी कीर्तनकारांनी तंजावरात नेलेल्या साकी, दिंडी, ओवी, अभंगाचा मोठा वाटा आहे. नंदनची गोष्ट अशी आपल्याही घरातली आहे.

प्रार्थना करून वाट पाहणाऱ्या माणसाला या गोष्टीत काय मिळतं? आपल्या संतांकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे, ब्रीद. देवाचं ब्रीद म्हणजे त्याचा स्वभाव, त्याने स्वतःहून पायात घातलेला तोडा. मागणं पुरं होईल की नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं. मागतो आहोत तो कसा आहे, हे ठाऊक असू शकतं. नंदनारचा भरवसा तिथे होता. म्हणून दर्शन मिळत नव्हतं त्या दिवसांतही कातडं कमावणं, वाद्या कापणं थांबलं नाही. रुसलेला माणूस दुसऱ्याच्या देवळातला ढोल मढवत बसत नाही.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नंदनारला थांबवलं ते देवाने नव्हे, माणसांनी. देवाला एक नंदी सरकवायला क्षण लागला, माणसांना दारं उघडायला शतकं लागली. चोखोबांचंही तेच. पंढरीच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे, उंबऱ्याच्या बाहेर. 8 जुलै 1939 रोजी मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या भक्तांना घेऊन ए. वैद्यनाथ अय्यर आत गेले, ते याच तंजावर जिल्ह्यात जन्मलेले. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं. नंदनार आणि चोखोबांच्या प्रार्थनेचं उत्तर असं माणसांच्या हातून आलं.

म्हणून आपलं मागणं अडलं की आधी पाहावं, आड काय आहे. माणसांनी घातलेली आडकाठी देवाच्या नावावर मांडू नये. आणि दुसरा कुणी ताटकळत उभा असेल, तर त्याच्या वाटेतला नंदी आपणच तर नाही ना, हेही पाहावं.

चिदंबरमला नंदनारला अग्नीतून जावं लागलं, असं पुराण सांगतं. तो प्रसंग वाचताना माझा जीव कासावीस होतो. अशा वेळी मी मनाने तिरुप्पुंकूरला परत येतो. तिथे देवाने भक्ताला बदलायला सांगितलं नाही. स्वतःच्या दारातला दगड बाजूला केला. वाट पाहताना मी ज्याचा भरवसा धरतो, तो देव हा आहे.

(पुढील लेखांकात : आडी महिन्याचा अठरावा दिवस आणि कावेरीची ओटी)