दप्तर, बजेट आणि ब्रीफकेस

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन ह्या ५ जुलै २०१९ रोजी अर्थसंकल्प मांडण्यास निघाल्या, तेव्हा त्यांच्या हाती रूढ चामडी ब्रीफकेस नव्हती. लाल कापडात बांधलेले, राजमुद्रा असलेले बाड होते. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडणारे षण्मुखम् चेट्टी ह्यांच्यापासून चालत आलेली चामडी पेटी त्या दिवशी मागे पडली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या बाडातील कागदही गेले आणि त्यांच्या जागी टॅब्लेट आला; लाल आवरण मात्र राहिले. आतील वस्तू नाहीशी झाली तरी आवरण का उरावे, हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा आहे. परंतु त्याच्या उत्तराचा बराच भाग शब्दांच्या इतिहासात दडलेला आहे.

अर्थमंत्र्याच्या पेटीपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल, कारण 'बजेट' हा शब्दच मुळात पिशवीचा वाचक आहे. लॅटिन 'बुल्गा' म्हणजे चामड्याची पिशवी. लॅटिननेही तो शब्द गॉल लोकांकडून घेतला. त्यापासून फ्रेंच 'बूज' आणि लघुत्वदर्शक 'बूजेत' ही रूपे झाली. इंग्लंडात अर्थमंत्री आपली पिशवी उघडतो अशी कल्पना रूढ झाली. वॉल्पोलच्या करयोजनेची टर उडविणाऱ्या १७३३ च्या एका पत्रकाच्या नावातही 'बजेट' उघडल्याचाच उल्लेख आहे. पुढे पिशवी विसरली गेली आणि तिच्यातील हिशेबालाच ते नाव चिकटले. मराठीने 'अंदाजपत्रक' व 'अर्थसंकल्प' हे शब्द पत्करले, तेव्हा एकात कागद उरला, दुसऱ्यात तोही उरला नाही.

'पोर्टफोलिओ'ची वाटचाल अशीच आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ पाने वाहून नेण्याचे साधन एवढाच. मंत्र्याच्या कागदांची ती घडी पुढे त्याच्या अधिकारक्षेत्राची संज्ञा झाली. मराठीने येथे 'खाते' हा शब्द योजिला. म्हणजे युरोपात कागदांचे आवरण अधिकाराचे नाव झाले, तर आपल्याकडे हिशेबाच्या वहीतील सदर. 'बिनखात्याचा मंत्री' ह्या प्रयोगात हा फरक स्पष्ट दिसतो: इंग्रजीतील त्या मंत्र्याजवळ पिशवी नसते, मराठीतील मंत्र्याच्या नावे वहीत पान नसते. २०१९ चे लाल बाड 'बहीखाता' म्हणून ओळखले गेले, ते ह्या दुसऱ्या परंपरेला धरूनच.

ह्या सर्वांत 'दप्तर' हा शब्द अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. (घटसर्पाचे 'डिफ्थेरिया' हे नाव, घशात धरणाऱ्या कातड्यासारख्या पापुद्र्यामुळे, ह्याच शब्दावरून पडले.) लिहिण्याचे कातडे, मग लिहिलेली वही, मग वह्यांचा संग्रह, मग तो संग्रह सांभाळणारी कचेरी असा प्रवास करीत हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. 'पेशवे दप्तर' ह्यात तो कागदसंग्रहाचा वाचक आहे. त्या संग्रहातील कागद कापडी रुमालांत बांधलेले असत आणि गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० नंतर त्यांतील निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. 'दप्तरी दाखल' आणि 'दप्तरदिरंगाई' ह्या प्रयोगांत कचेरीचा अर्थ जिवंत आहे. विलंबाला आळा घालणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा लोक दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणूनच ओळखतात.

तथापि आजच्या बोलण्यातील नुसते 'दप्तर' ऐकल्यावर डोळ्यांपुढे कचेरी येत नाही. शाळेचे मूल येते. हिंदीत 'दफ़्तर' म्हणजे कचेरी आणि मुलाच्या पिशवीला 'बस्ता'. मराठीने मात्र दप्तर मुलाच्या स्वाधीन केले आणि बस्ता लग्नाच्या कापडखरेदीस दिला. ह्या वाटणीचा परिणाम असा झाला की कचेरीत जाणाऱ्या प्रौढ मनुष्याच्या हातातील कागदांच्या पिशवीला मराठीत मानाचे नावच उरले नाही. एखादा वकील 'दप्तर घेऊन निघालो' म्हणाला तर ती थट्टा ठरते. 'पिशवी' म्हणावे तर तिच्यात भाजी दिसते. 'झोळी' ही मागणाऱ्याची; 'शबनम' झाली तेव्हाही ती कवींच्या आणि कार्यकर्त्यांच्याच खांद्यावर राहिली. न्हाव्याला धोकटी होती, प्रवाशाला पडशी होती, आजीबाईला औषधांचा बटवा होता. नव्या शिक्षणातून निर्माण झालेल्या वकील, अधिकारी, विमाप्रतिनिधी अशा व्यावसायिकांसाठी मात्र जागा रिकामी होती, आणि ती 'ब्रीफकेस'ने भरून काढली.

'ब्रीफ' म्हणजे बॅरिस्टरास मिळणारे पक्षकाराच्या बाजूचे संक्षिप्त टिपण. मराठीत ह्या शब्दाचा हा घटक पूर्णतः अपारदर्शक आहे. शब्द उसना असूनही त्याला लिंग मात्र मराठीने आपल्या रीतीने दिले: पेटी, पिशवी, बॅग ह्यांच्या पंक्तीस बसून ब्रीफकेस स्त्रीलिंगी झाली. 'अटॅची'चे उदाहरण ह्याहून गमतीचे आहे. फ्रेंचमध्ये तो वकिलातीतील एक पुरुष अधिकारी. आपल्याकडे 'केस' गळाली आणि त्या अधिकाऱ्याची पेटी झाली, तीही 'ती'!

ब्रीफकेसचे आकर्षण केवळ उपयुक्ततेचे असते तर ते कागदांबरोबरच ओसरते. ती उभ्या बाजूंची असते, बंद असते, कुलपाची असते. आत गोपनीय कागद आहेत की पोळीभाजीचा डबा आणि वर्तमानपत्र, हे बाहेरून कळत नाही. घराण्यात पहिल्यानेच नोकरीस लागलेल्या तरुणाला ह्या न कळण्यानेच आधार दिला असेल, आणि त्या आधाराला दिखाऊपणा म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. तीच अपारदर्शकता दुसऱ्या टोकास संशयाचे कारण होते. लाचेच्या संदर्भात 'सूटकेस' हा शब्द सूचक होऊन बसला आणि नुसत्या कागदावर चालणाऱ्या व्यवसायास 'ब्रीफकेस कंपनी' म्हणू लागले. विश्वास आणि संशय हे दोन्ही अर्थ त्या एकाच बंद झाकणातून निघाले आहेत.

वाहून नेण्याची रीतही येथे अर्थवाही आहे. ओझे डोक्यावर वा पाठीवर घेणे हे हमालाचे काम. अधिकार हातात धरला जातो. साहेबाची बॅग शिपाई मोटारीपर्यंत नेतो तेव्हा वजन हलविले जाते, अधिकार हलत नाही, कारण ती 'साहेबांची बॅग' असते. गेल्या काही वर्षांत संगणकासाठी पाठीवरची 'सॅक' आली आणि वरिष्ठ अधिकारीही तिच्यात दोन्ही हात घालून लोकलमध्ये चढू लागले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरविले; मोठ्यांच्या सॅकला तशी मर्यादा नाही. वस्तूच्या दृष्टीने पाहता प्रौढ मनुष्य पुन्हा दप्तराकडेच वळला आहे. तो तिला दप्तर म्हणत नाही, इतकेच.