पाठीचा बाक आणि दबलेले मणके

उतारवयात पाठ दुखू लागली की ‘आता वय झाले’ असे म्हणून शेक, मलम आणि वेदनाशामक गोळी यांवर भागवले जाते. परंतु पाळी थांबलेल्या स्त्रीला भरलेली बादली उचलताना अचानक उठलेली जी कळ ‘उसण भरली’ म्हणून सोसावी लागते, ती पुष्कळदा मणका दबून मोडल्याची असते.

हाड जिवंत असते. त्यातील जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा घडवणाऱ्या पेशींचे काम आयुष्यभर चालते. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो, पुढे झीज वरचढ ठरते आणि तिला आवरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रजोनिवृत्तीनंतर घटले की हाडांच्या आतली जाळी झपाट्याने विरळ होते. या अवस्थेला अस्थिसुषिरता म्हणतात. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडनेही ती ओढवते, म्हणून पुरुषही तिच्यापासून सुटत नाहीत.

ठिसूळपणा स्वतः दुखत नाही, आणि मणक्यांचे सुमारे दोन तृतीयांश अस्थिभंगही निदानावाचून राहतात. मणका बहुधा पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके दबले की पाठीला पोक येते, बरगड्या कमरेच्या हाडाकडे सरकतात आणि थोडे खाल्ले तरी पोट भरते. पूर्वी हाती येणारी फळी दूर जाते, परकराचा काठ जमिनीवर लोळू लागतो. तरीही तपासणीत वजन आणि रक्तदाब पाहिला जातो, उंची मात्र क्वचितच मोजली जाते, ही हळहळ वाटावी अशी उणीव आहे; कारण तारुण्यातील उंचीपेक्षा चार सेंटिमीटर घट आढळली, तर मणक्यांचा एक्स-रे काढणे योग्य ठरते.

हाडांची घनता डेक्सा तपासणीने कळते. निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीशी तुलना करणारा टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास अस्थिसुषिरता मानावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४चा निकष आहे. मात्र म्हातारपणी मणक्यांवर वाढलेल्या हाडांमुळे कण्याचा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, म्हणून खुब्याचे मोजमापही पाहावे लागते.

एक मणका मोडल्यावर दुसरा मोडण्याचा धोका बराच वाढतो. अशा वेळी नाचणी, दूध आणि ड जीवनसत्त्व आवश्यक असले तरी पुरेसे नसते. झीज रोखणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी लागतात. ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन नंतर किमान अर्धा तास आडवे न होणे आवश्यक असते, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. अंथरुणाला फार दिवस खिळून राहिल्यास हाडे आणखी विरळ होतात, म्हणून कळ ओसरताच, पुढे वाकणे आणि ओझे उचलणे टाळून, रुग्णाला आधाराने चालते करावे लागते.