नवा स्मार्ट टीव्ही : काय बंद करावे आणि काय नाही

नवा स्मार्ट टीव्ही घरी येतो तेव्हा त्याचे चित्र बहुधा दुकानाच्या हिशेबाने जुळवलेले असते. विक्रीच्या दालनात लखलखीत उजेड असतो, शेजारी आणखी दहा संच चालू असतात आणि त्या गर्दीत गिऱ्हाइकाची नजर खेचून घ्यायची असल्यामुळे रंग भडक, पांढरा निळसर आणि कडा धारदार ठेवणे उत्पादकाच्या सोयीचे ठरते. रात्री दिवाणखान्यातल्या मंद उजेडात तेच चित्र पाहणाऱ्याला मात्र चेहरे रंग फासल्यासारखे आणि अंधारातले तपशील पुसून टाकल्यासारखे दिसतात. म्हणूनच अशा संचाकडून उत्तम काम करून घ्यायचे म्हणजे बऱ्याच अंशी त्यातल्या करामती एकेक करून बंद करायच्या, हे विधान विचित्र वाटले तरी व्यवहारात खरे ठरते.

सुरुवात चित्राच्या ‘मोड’पासून, म्हणजे उत्पादकाने आधीच ठरवून दिलेल्या मांडणीपासून करावी. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ हे मोड दुकानापुरते ठीक असतात. घरासाठी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा असल्यास ‘फिल्ममेकर’ हा मोड निवडावा. यांतला शेवटचा मोड चित्रपट कंपन्या आणि टीव्ही उत्पादक यांच्या ‘यूएचडी अलायन्स’ या संघटनेने 2019 मध्ये पुढे आणला आणि दिग्दर्शकाने पाहिले तसेच चित्र प्रेक्षकाला दिसावे, हा त्याचा हेतू आहे. या मोडमध्ये पांढरा रंग 6500 केल्विनच्या, म्हणजे स्टुडिओत प्रमाण मानलेल्या दिवसाच्या प्रकाशाच्या जवळ आणला जातो. निळसर पांढऱ्याला सरावलेल्या डोळ्यांना तो पहिले काही दिवस पिवळट वाटतो आणि घरात कोणीतरी जुने चित्र परत मागतेच. थोडा धीर धरला तर डोळा रुळतो. ‘शार्पनेस’ची पट्टीही खाली आणावी, कारण ती नवा तपशील आणत नाही, फक्त वस्तूंच्या कडांभोवती पांढुरकी रेघ ओढते.

सर्वांत मोठा फरक मात्र ‘मोशन स्मूदिंग’ बंद केल्याने पडतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींच्या गतीने चित्रित होतात, तर टीव्हीचा पडदा सेकंदाला 60 किंवा 120 वेळा ताजा होतो. मधली जागा भरण्यासाठी संच दोन चौकटींच्या दरम्यान स्वतः कल्पिलेल्या चौकटी घुसवतो आणि हालचाल इतकी गुळगुळीत होते की भव्य चित्रपटही स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेल्या दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी 2018 च्या डिसेंबरात केवळ ही सोय बंद करा, एवढे सांगण्यासाठी एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटात शास्त्रीय गायक होऊ पाहणारा नायक रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकलीवर जात असतो आणि त्याच्या कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज चालू असतो. ती संथ, तरंगती गती हाच त्या दृश्यांचा प्राण आहे आणि संचाने मध्ये हात घातला की तोच हरवतो. एलजीच्या संचात ही सोय ‘ट्रूमोशन’, सोनीच्या संचात ‘मोशनफ्लो’ या नावाखाली सापडते. क्रिकेटसाठी काही जण ती चालू ठेवतात. पण वेगवान चेंडूच्या मागे धूसर शेपटी दिसू लागली की तिथेही ती बंदच बरी.

चित्र कितीही जुळवले तरी आत येणारा संकेतच दुबळा असेल तर संच फार काही करू शकत नाही. ‘फोर-के’ पडद्यावर आडवे 3840 आणि उभे 2160, म्हणजे सुमारे 83 लाख बिंदू असतात. जुन्या साध्या वाहिनीच्या चित्रात ते 720 गुणिले 576, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत असतात, तेव्हा प्रत्यक्ष आलेल्या एका बिंदूच्या जागी संचाला वीस बिंदू भरावे लागतात. असे असूनही नव्या टीव्हीला जुना सेट-टॉप बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींनीच जोडलेला अनेक घरांत आढळतो. बॉक्स एचडी असेल तर तो एचडीएमआय वायरीने जोडावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 1080 हा पर्याय निवडावा. हे न केल्यास एचडी वाहिन्यांचे पैसे भरूनही चित्र जुनेच राहते.

चित्राच्या आकाराकडेही लक्ष द्यायला हवे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चारास तीन या प्रमाणात असे. रुंद पडदा रिकामा दिसू नये म्हणून ती चौकट ताणली, की विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम एकतृतीयांशाने रुंद होतो. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे. त्या तशाच राहू द्याव्यात.

अंतराचे गणित सोपे आहे. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद असतो आणि चित्रपटासाठी पडद्याने नजरेचा साधारण 30 अंशांचा भाग व्यापावा, असे धरले तर बसण्याची जागा साडेसात फुटांवर येते. संच मात्र छताजवळ टांगू नये. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या आसपास असावा, नाहीतर दोन तासांत मान बोलू लागते.

इंटरनेटबाबत थोडक्यात सांगायचे तर नेटफ्लिक्सवर ‘फोर-के’साठी सेकंदाला 15 मेगाबिट वेग लागतो. राऊटर शेजारच्याच खोलीत असेल तर वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झ पट्टा निवडावा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर 2.4 चा पट्टा अधिक दूर पोहोचतो.

पातळ संचात ध्वनिक्षेपकांना जागाच उरत नाही आणि ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संगीत दणदणते आणि संवाद बुडतात. ॲपमध्ये ‘5.1’ ऐवजी साधा ‘स्टिरिओ’ निवडला तर संवाद बरेचदा स्पष्ट होतात. साउंडबार घेतला असेल तर तो ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेल्या एचडीएमआय खोबणीतच लावावा, कारण टीव्हीतला आवाज त्याच वायरीने बाहेर पाठवण्याची सोय तिथेच असते.

बंद करण्याच्या यादीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ या तंत्राने संच चाललेल्या चित्राचे नमुने घेऊन घरात काय पाहिले जाते, हे ओळखतो आणि ती माहिती जाहिरातींसाठी बाहेर पाठवतो. प्रेक्षकांची नीट संमती न घेता असे केल्याबद्दल अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीला 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. सॅमसंगमध्ये ही सोय ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ अशा निरुपद्रवी नावांनी बसलेली असते. पहिल्या दिवशी घाईने सगळ्या अटींना ‘सहमत’ म्हणणाऱ्यांनी ती शोधून बंद करावी. चालू करण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंचांना 13 वर्षांपुढील आणि त्यावरच्या श्रेणीतील कार्यक्रमांसाठी पालकांच्या हाती कुलूप द्यावे लागते. मुले असलेल्या घरात ते पिन घालून लावून टाकावे.

भिंतीवरच्या बटणाची गोष्ट वेगळी आहे. ओलेड प्रकारच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्यामुळे वृत्तवाहिनीची ठळक पट्टी आणि बोधचिन्ह तासन्‌तास एकाच जागी राहिले तर त्यांचा पुसट ठसा कायमचा उमटू शकतो. तो टाळण्यासाठी संच रिमोटने बंद केल्यावर, वीज चालू असतानाच, आतल्या आत काही दुरुस्ती करत असतो. रोज रात्री बोर्डावरचे बटण लगेच दाबण्याच्या सवयीने तीच अर्धवट राहते. पावसाळ्यापूर्वीच्या वळवाच्या विजा कडाडू लागल्या, की मात्र हा नियम बाजूला ठेवावा आणि प्लग तर काढावाच, शिवाय छतावरच्या डिशमधून येणारी वायर आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढून ठेवावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही संचात शिरतो.