रान नुसतं बघायचं नसतं!

मैत्रिणींनो, ताडोब्याहून आलेल्या कुटुंबाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की मुलांचे चेहरे उतरतात, सारी सहल फुकट गेल्यासारखी वाटते. आणि घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना नीट दिसत नाही, त्यांना तर आपण नेतच नाही. "त्या येऊन काय बघणार?" म्हणून घर राखायला ठेवतो.

आमच्या सासूबाईंचंही असंच व्हायचं. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. गेल्या चैत्रात मात्र धाकटी हटून बसली, "आजी आली तरच मी येणार." निघालो गडचिरोली जिल्ह्यातलं आलापल्लीचं 'वनवैभव' बघायला. ६ हेक्टरांचं हे जुनं सागाचं रान १९५३ पासून जसंच्या तसं राखलेलं आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही मिळाला.

वाटेत सकाळी एका गावाशी चहाला थांबलो, तोच सासूबाई म्हणाल्या, "मोह पडलाय गं इथं!" आम्ही सगळे डोळस, पण कुणाला पत्ता नव्हता! मोहाची फुलं पहाटे गळतात. लहानपणी आरमोरीकडे त्या टोपली घेऊन वेचायला जात असत. मग काय, मुलांनी आजीचा हात धरला. रानात गेल्यावर ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळ साल तिनं नुसत्या बोटांनी ओळखली. 'हे' सुद्धा कौतुकानं बघत राहिले.

असं रान तुम्हालाही अनुभवता येईल. सकाळी लवकर जा. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा आणि ऐकू आलेला एकेक आवाज बोटांवर मोजा. मग एकेकाचे डोळे रुमालानं बांधा, दुसऱ्यानं हात धरून झाडापर्यंत न्यावं. साल चाचपा, सागाचं वाळकं पान गालाला लावून बघा, किती खरखरीत! पावसाळ्यात त्याचंच कोवळं पान चोळलंत, तर बोटं लाल होतात. खाजकुयलीच्या शेंगांपासून मात्र मुलांना दूर ठेवा. अनोळखी फळ तोंडात नको. टेंभरं, चारं बाजारातून आणून चाखवा.

आणि हो, चंद्रपूर-गडचिरोलीची रानं वाघांची आहेत, हे विसरू नका. वनखात्याला विचारल्याशिवाय, स्थानिक वाटाड्याशिवाय पायी जाऊ नका. ताडोब्यात तर गाडीतून उतरायचंच नसतं. पण बसल्या जागी चितळाची हाक ऐकायला, ओल्या मातीचा वास घ्यायला कोण अडवतंय?

तेव्हा येत्या सुट्टीत घर राखायला कुलूप पुरे. आजी-आजोबांना बरोबर न्या. वाघ दिसो न दिसो, सांगण्यासारखं पुष्कळ घेऊन याल, बघा!