ओवी आणि राखी

मिशनकार्य म्हटले म्हणजे पुष्कळांच्या मनात शंका उभी राहते, आणि त्यात नवल मानण्याचे कारण नाही. परक्या माणसाने यावे आणि आपणांस श्रद्धेच्या गोष्टी सांगाव्यात, हे कोणास सहज रुचेल? आमच्या मध्य प्रदेशात तर बळाने, आमिषाने वा फसवणुकीने धर्मांतर घडविण्यास १९६८ सालापासून कायद्याची मनाई आहे. कायदा नसता तरीही आमिषाच्या पोटी जन्मलेली श्रद्धा ही श्रद्धा नव्हेच, असे मी म्हणेन. मग परमुलखात जाऊन देण्याजोगे उरते तरी काय?

मराठी वाचकांस याचे एक जुने उत्तर ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तिकडेच निवर्तले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांस पुराणश्रवणाची गोडी होती, परंतु जुन्या पोथ्यांवर राज्यकर्त्यांनी बंदी घातलेली. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरून चालावयाचे नाही. पण सत्तेच्या जोरावर ओवी साधत नाही. त्यासाठी ऐकणाऱ्याच्या चालीत आपला सूर मिळवावा लागतो.

त्यानंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी आमच्या इंदूरच्या शेजारी एक बाई अशाच परमुलखातून आल्या. त्यांच्या पाठीशी कसलीही सत्ता नव्हती. सिस्टर राणी मारिया वट्टालिल यांचा जन्म १९५४ साली केरळातील पुल्लुवळी गावी झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात व्रतस्थ होऊन १९७५ साली त्या उत्तर प्रदेशात बिजनोरला आल्या, आणि १९९२ साली देवास जिल्ह्यातील उदयनगरला. मातृभाषा मल्याळम, येथे सारा व्यवहार हिंदीचा. भोवतालच्या आदिवासी शेतमजुरांच्या मानेवर सावकारी कर्जाचे जोखड होते. सिस्टरनी त्यांचे बचतगट बांधले, सरकारी योजनांची व बँकेच्या कर्जाची वाट दाखविली, हक्क समजावून दिले. धीर देणे म्हणतात ते हेच. सुटीत आठ-दहा दिवस खेड्यात जाऊन येणाऱ्या आमच्या उत्साही तरुणांनी ध्यानात घ्यावे की, हे काम आठ-दहा दिवसांचे नव्हते.

ज्यांचे व्याज बुडू लागले, त्यांना ते सोसले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, इतर उतारूंच्या देखत, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून ठार केले. अंगावर पन्नासांहून अधिक जखमा होत्या.

यापुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्याच संघात आहे. २००२ साली रक्षाबंधनाच्या दिवशी ती तुरुंगात गेली आणि तिने त्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. केरळच्या ख्रिस्ती घरांत राखीची चाल नाही. क्षमा ही तिच्या श्रद्धेची शिकवण. पण ती कळावी कशी? शुभवर्तमानातील वचन त्या माणसास परके वाटले असते. राखी बांधून घेतली की आपल्यावर काय येते, हे मात्र माळव्यातल्या कोणाही भावास सांगावे लागत नाही. म्हणजे देणारीने येथील हिंदू घरांतील वस्तू उसनी घेतली आणि तिच्यातूनच आपले ते दिले. यात कोणी कोणास काय शिकविले, याचा हिशेब मला तरी मांडता येत नाही.

२००६ साली तो माणूस सुटला. पुढे तो केरळात सिस्टरच्या आईवडिलांस भेटावयास गेला, तेव्हा त्या मातेने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. आपल्या लेकीचे रक्त या हातांस लागले आहे म्हणून. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. त्यांची समाधी उदयनगरलाच आहे.