दुभंगलेली कड

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये जुना फिल्म एसएलआर घेऊन फिरायला मला फार आवडतं. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वस्ती आखली तीच शेजाऱ्यांमध्ये सामाईक भिंत न ठेवता. त्यामुळे घरांच्या उभ्या कडा मोकळ्या मिळतात, आणि स्प्लिट इमेजने फोकस करायला तेच हवं असतं. व्ह्यूफाइंडरमधल्या वर्तुळात कड दुभंगलेली दिसते. लेन्स फिरवत गेलं की दोन्ही तुकडे सरकत येऊन जुळतात; जुळले की फोकस झाला.

झूम लावला की मात्र पुष्कळदा वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो आणि लेन्स बिघडली असं अनेकांना वाटतं. लेन्स ठीकच असते. त्या वर्तुळात उलटसुलट उताराच्या दोन पाचरी असतात. एक पाचर लेन्सच्या एका कडेकडचा प्रकाश डोळ्याकडे वळवते, दुसरी समोरच्या कडेकडचा. लेन्स एफ/५.६ किंवा त्याहून मंद असली की त्या कडांकडून पुरेसा प्रकाश येतच नाही. डोळा मध्यावरून ढळला तरी हेच होतं. अशा वेळी वर्तुळाबाहेरच्या दुधी भागावर फोकस करावा. माझा तर खरा भरवसा त्याच भागावर आहे.

हे वर्तुळ आणि दुधी भाग ज्या फोकसिंग स्क्रीनवर असतात, तिच्यावरचा धुळीचा ठिपका फोटोत येत नाही. शटर दाबताच आरसा वर जातो आणि प्रकाश थेट फिल्मवर पडतो. तरी लोक रुमालाने स्क्रीन पुसतात, याचं फार वाईट वाटतं. बहुतेक स्क्रीन प्लास्टिकच्या असतात. त्यावर उठलेला ओरखडा जात नाही. रबरी ब्लोअर पुरे.

उजळ स्क्रीन म्हणजे चांगली स्क्रीन, हेही खरं नाही. ऑटोफोकसच्या काळातल्या उजळ स्क्रीन प्रकाश कमी विखुरतात. एफ/१.४ची लेन्स लावली तरी धूसरपणा साधारण एफ/२.८ इतकाच दिसतो, आणि फोकस नेमका कुठे आहे ते कळत नाही.

कड जुळली म्हणजे फोटो स्पष्ट येणारच, असंही नाही. लेन्सपासून फिल्म जितकी दूर, आरशामार्गे स्क्रीनही तितकीच दूर हवी. निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्स माउंटपासून हे अंतर ४६.५ मिमी असतं. तपासायचं तर कॅमेरा रिकामा करून ट्रायपॉडवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून एखाद्या कडेवर फोकस करा, मागचं झाकण उघडा, फिल्मच्या आतल्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा आणि शटर ‘बी’ सेटिंगवर उघडं धरा. कागदावर चित्र उलटं दिसेल. कड तिथे धूसर असेल, तर स्क्रीनची किंवा आरशाची बैठक हललेली आहे. कॅमेरा कारागिराकडे न्या.