साडेचार किलो जव आणि एक वही

बेळगावच्या आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. माझे धाकटे काका त्यापायी वयाच्या ४७व्या वर्षी गेले. मी तेव्हा दहावीत होतो. त्यामुळे बी. ई. करून, नोकरीसाठी अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला आल्यावर मी घरी बीअर करायला लागलो, हे आई-बाबांना सांगायला मला वर्ष लागलं. तेही मी सांगितलं नाही, बाबांनीच पाहिलं.

आधी कायद्याचं बोलून घेतो. अमेरिकेत घरी बीअर करायला केंद्रीय कायद्यानं १९७९पासून मुभा आहे. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. आपल्याकडे मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि परवान्याशिवाय असले उद्योग केले तर थेट गुन्हा दाखल होऊ शकतो. बडोद्याच्या मंडळींना तर दारूबंदी काय असते ते सांगायलाच नको. तेव्हा हे कृती म्हणून वाचू नका, गोष्ट म्हणून वाचा.

पहिल्या दोन खेपा मी माल्टच्या तयार पाकापासून केल्या होत्या. डबा उघडायचा, पाक पाण्यात ढवळायचा, उकळायचा. बीअर होते, पण पाकिटातल्या पिठाची इडली केल्यासारखं वाटत राहतं. डाळ-तांदूळ आपण भिजवलेच नाहीत! ऑल-ग्रेन म्हणजे थेट धान्यापासून सुरुवात. मागच्या मार्चअखेर एका शनिवारी तो बेत केला.

माल्ट म्हणजे काय, हे वाचताना मला आमच्या आज्जीचं माजघर आठवलं. ती नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवायची, मंद भाजायची आणि दळून सत्त्व करायची. बीअरसाठी जवाचं हेच करतात. मोड येताना दाण्यात विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होतात. दाण्यातल्या साठवलेल्या पिठाची साखर करून कोंबाला पुरवायची, हे त्यांचं काम. दाणा वाळवला की काम थांबतं. कोमट-गरम पाण्यात घातला की पुन्हा सुरू होतं. फक्त पाणी नेमकं हवं. ६७ अंश सेल्सिअसच्या आसपास ती छान काम करतात. फार थंडीत रेंगाळतात, उकळत्या पाण्यात मरतात.

मी साडेचार किलो भरडलेला माल्ट आणला. साडेतेरा लिटर पाणी ७३ अंशांना तापवलं, कारण थंड धान्य पडल्यावर ते ६७वर यायला हवं. सगळा हिशेब स्प्रेडशीटमध्ये तयार होता. पाणी पिकनिकच्या मोठ्या कूलरमध्ये ओतलं, माल्ट घातला, ढवळलं, झाकण लावलं. तासाभरानं काळजी वाटली म्हणून चमचाभर रस पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. शाळेत बटाट्यावर टाकायचो तसाच. निळा-काळा! म्हणजे पीठ अजून पीठच होतं. थर्मामीटर घातला, तर ६१ अंश. कूलर आधी गरम पाण्यानं तापवून घ्यायचा असतो, ही ओळ माझ्या स्प्रेडशीटमध्ये नव्हतीच.

बेळगावात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी आईला फोन लावला.

“काय करालास रे?”

“जवाचं सत्त्व,” मी म्हणालो. अर्धं खरं होतं.

“मग होतंय की. मोड आलेल्याची पेज आपसूक पातळ होते. थोडं गरम पाणी घाल आणि झाकून ठेव. घाई करू नको. एकदम उकळलंस तर घट्टच राहील.”

आईनं विकरांचं नावही न घेता उत्तर दिलं होतं. मी तीन लिटर उकळतं पाणी थोडं थोडं घालत ढवळलं, पारा ६७वर आणला आणि पाऊण तास थांबलो. या वेळी आयोडीन आपल्या तांबूस रंगावरच राहिलं. रस चाखला, तर काकवीसारखा गोड. साखरेचा कणही घातला नव्हता!

पुढचं सरळ होतं. चोथ्यावरून आणखी गरम पाणी सोडून उरलेली गोडी धुऊन घेतली, रस तासभर उकळला. उकळताना हॉप्स घातले. ही एका वेलीची फुलं, बीअरला कडवटपणा आणि वास देतात. मी घेतलेली कॅस्केड ही जात ओरेगनमध्येच विकसित होऊन १९७२ साली बाहेर आली. रस तांब्याच्या वेटोळ्यानं २० अंशांपर्यंत गार केला आणि यीस्ट घातलं. घनता १.०५० यायला हवी होती, आली १.०४०. दोन आठवड्यांनी ती १.०१०वर उतरली. म्हणजे मद्यांश सुमारे चार टक्के. थोडी साखर घालून ४८ बाटल्या भरल्या. आणखी दोन आठवड्यांनी पहिली उघडली. जरा पातळ होती, पण माझी होती.

मेमध्ये आई-बाबा आले. तिसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्री शोधायला कपाट उघडलं.

“हे काय?”

“बीअर. मीच केलीय.”

बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवतानाही नाही. आईनं फ्रीझरमधला चोथा वाळवून, दळून त्याची थालीपिठं लावली, तेव्हा “त्या दिवशीचं सत्त्व ते हेच का?” एवढंच विचारलं. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बाबा माझी बीअरची वही चाळत बसले होते. आयुष्य बँकेत गेलेलं, वही दिसली की चाळणारच.

“किती पितोस?”

“आठवड्याला दोन-तीन बाटल्या असतील.”

“पाण्याचं तापमान दशांश चिन्हापर्यंत लिहितोस. आणि इथं ‘असतील’? तुझा काकाही असंच म्हणायचा.”

मग त्यांनी पट्टी मागितली आणि शेवटच्या पानावर रकाना आखला. वर लिहिलं, ‘प्यायलेल्या’.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस बेरीज केली. चार आठवड्यांत १७. दोन-तीन नव्हे, आठवड्याला चारच्या वर. मला स्वतःला खरंच माहीत नव्हतं. आता खेप अर्धी करतो आणि निम्म्या बाटल्या ऑफिसातल्या मित्रांना वाटतो. मागच्या महिन्यात रकान्यात नऊ होत्या.

बाबांनी माझी बीअर चाखलेली नाही, चाखणारही नाहीत. मीही आग्रह करत नाही. पण दर रविवारी फोनवर सगळ्यांची खुशाली झाली की विचारतात, “वही काय म्हणते?”

मी आकडा सांगतो. ‘असतील’ न म्हणता.